अर्ध्या मिशीचा बर्फ

"अर्धी मिशी!" फिक्रेत न्हावी म्हणाला. "पूर्ण नाही हं. पूर्ण काढली की माणूस तरुण दिसतो. अर्धीच काढायची, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत तशीच मिरवायची."

"काढायची कुणी?"

"जिंकलेल्यानं. याच चौकात, भर बाजारात, खुर्ची मांडून."

"मंजूर," मी म्हणालो. "पण वस्तरा माझ्या हातात आला तर तुझ्या ओठाची हमी नाही. मी भांड्यांना कल्हई लावतो, न्हाव्यांना नाही."

पैज लागली ती दुर्मुश उस्तादच्या बर्फावर. दुर्मुश म्हणजे 'राहिलेला'. आधीची दोन पोरं गेली, म्हणून आईनं हे नाव ठेवलं, आणि ते त्याला चांगलंच लागू पडलं. तोरोस डोंगरावर हिवाळ्यातला बर्फ खड्ड्यात पुरून ठेवायचा, वर देवदाराच्या फांद्या टाकायच्या, आणि उन्हाळ्यात तो खाली तार्सुसला आणून विकायचा. हा धंदा करणारा आमच्या बाजारात तोच एकटा उरलेला. बर्फ रंध्यानं खरवडायचा, ताटलीत ढीग रचायचा, वरून द्राक्षाची काकवी. जुलैच्या उन्हात ते खाल्लं की मेलेला सासराही उठून बसेल.

"डोंगरचा बर्फ कसला!" फिक्रेत म्हणाला. "दोन वर्षं झाली, उस्तादला माझ्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढवत नाहीत. आणि हा म्हणे तोरोस चढतो! फॅक्टरीची लादी घेतो आणि लोकरीच्या नमद्यात गुंडाळून आणतो. तू काहीही म्हण."

"डोंगरचाच आहे," मी ठणकावून सांगितलं. ठणकावून सांगायला काय जातं?

आता निवाडा कोण करणार? आमच्या गावात बर्फ पडलेला कुणाच्या आजानंही पाहिला नाही. तेवढ्यात वरच्या खिडकीतून किर्सीबाईंनी डोकं बाहेर काढलं. या फिनलंडच्या. लिंबांच्या रोगावर काम करायला आलेल्या, फिक्रेतच्या माडीवर भाड्यानं राहायच्या. तीन महिन्यांत बाईंनी गावातलं एकूण एक गार खाणं चाखलं होतं. माराशचं आइस्क्रीम आकड्याला टांगलेलं पाहून त्यांना वाटलं बकरा आहे. मग काट्या-सुरीनं कापून दोन तुकडे खाल्ले. गुलाबपाण्यातल्या लाल बिजी-बिजीतले पिठाच्या खळीचे पांढरे चौकोन पाहून विचारलं, "साबण?" आणि तीन ताटल्या संपवल्या. पण उस्तादच्या गाडीकडे मात्र त्या फिरकल्या नव्हत्या.

"बर्फ? विकत?" त्या म्हणायच्या. "माझा आई छप्परवरून बर्फ खाली फेकतो. फुकट! कोणी घेत नाही!"

"बाई, न्यायाधीश होता का?" फिक्रेतनं खालून विचारलं.

"पगार काय?"

"दोन ताटल्या."

"येते!" म्हणाल्या, आणि पायात एकच चप्पल घालून खाली आल्या.

खरं सांगतो, खात्री मलाही नव्हती. उस्तादचे गुडघे मीही पाहिले होते. रोज मशिदीत जाताना तो भिंत धरून चालायचा. बर्फ फॅक्टरीचा निघाला तर माझी मिशी जाईल, ती पुन्हा उगवेल. पण चाळीस वर्षं 'डोंगरचा, डोंगरचा' म्हणून ओरडणाऱ्या माणसाचं नाक कापलं गेलं तर ते कुठून उगवायचं?

मग माझं डोकं चाललं, म्हणजे वाटोळं व्हायची वेळ आली. उस्ताद चहा प्यायला वळलेला. मी मशिदीच्या अंगणातल्या पाइनच्या मूठभर सुया तोडल्या, गाडीवरचा नमदा उचलला, आणि बर्फाच्या फटीत दाबून दाबून बसवल्या. डोंगराची खूण! मिशी आणि नाक, दोन्ही वाचणार. स्वतःवरच खूश झालो.

चौकात गर्दी जमली. उस्तादला पैजेचं कळलं. त्यानं फक्त करवत उचलली आणि एक तुकडा कापून बाईंच्या हातावर ठेवला.

बाईंनी तो उन्हात धरला. मग दोन बोटांनी हळूच एक सुई ओढून काढली.

"हे हिरवा आहे," त्या म्हणाल्या.

"डोंगरची आहे!" मी ओरडलो.

"नाही. बर्फ हिवाळ्यापासून खड्ड्यात. सुई तपकिरी पाहिजे. आणि वर देवदार, छोटी सुई. हा लांब. हा झाड..." त्यांनी वळून सरळ मशिदीकडे बोट केलं. "हा झाड माझी खिडकीतून दिसतो."

फिनलंडच्या बाईला बर्फ आणि पाइन, या दोनच गोष्टींत फसवायला मी निघालो होतो!

"बघा!" फिक्रेत नाचायला लागला. "आता सुया खोचतो! उस्ताद, अरे म्हातारपणी हे धंदे?"

"चाळीस वर्षं खातोय आम्ही," कुणीतरी मागून म्हणालं. "काय काय खाल्लं, देव जाणे."

उस्तादनं बाईंच्या हातातल्या सुईकडे पाहिलं. मग रंधा फडक्यात गुंडाळला, काकवीच्या बाटलीला बूच लावलं. भांडला असता तर बरं झालं असतं. तो गाडी आवरत होता.

"मी खोचल्या!" माझ्या तोंडून निघून गेलं. "सुया मी खोचल्या! उस्तादला काही माहीत नाही."

"म्हणजे तुलाही ठाऊक होतं, बर्फ खोटा आहे," फिक्रेत म्हणाला.

मी मिशीवरून हात फिरवला. बहुतेक शेवटचा.

"थांबा," बाई म्हणाल्या. "न्यायाधीश अजून खाल्ला नाही."

त्यांनी तुकडा मुठीत दाबला. तो काचेसारखा फुटला नाही, जाड्या साखरेसारखा भुरभुरला. त्यातली बारीक करडी रेघ त्यांनी नखानं दाखवली. "धूळ. एक वादळ, मग परत बर्फ, मग परत धूळ. मशीन असा करत नाही." मग जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. "हा म्हातारा बर्फ आहे," शेवटी म्हणाल्या. "खरा. माझा गावात मे महिन्यात असाच असतो." आणि नाक ओढलं, बहुतेक गारव्यानं.

"मग आणतं कोण?" फिक्रेतचा आवाज आता खाली आला होता. "उस्ताद, तुझे गुडघे..."

उस्तादनं बूच पुन्हा काढलं. पुन्हा लावलं.

"हुरिये चढते," तो म्हणाला. "दोन उन्हाळे झाले. खेचर घेऊन ती वर जाते, खणते, गुंडाळते, उतरवते. आणि मी इथे उभा राहून ओरडतो, डोंगरचा म्हणून."

"पण वहिनी तर लेकीकडे असते ना?"

"मीच तसं सांगत होतो. मशिदीमागे पिकअपमध्ये बसलीय. माझा माल खपेपर्यंत तिथेच बसते. बायकोला डोंगर चढवणारा म्हणाल, ही लाज."

किर्सीबाई तशाच एका चपलेनं मशिदीकडे निघाल्या.

मी खुर्ची ओढली आणि फिक्रेतच्या गळ्यात टॉवेल टाकला. जिंकलो तर होतोच! एवढ्यात उस्ताद म्हणाला, "ऊठ, फिक्रेत. तिथे नुसरेत बसेल."

"मी? अरे, मी तुझ्या बाजूनं होतो!"

"फिक्रेतच्या मनात होतं ते तो तोंडावर बोलला. तू तोंडानं माझ्याकडून आणि मनानं त्याच्याकडून." त्यानं खुर्चीकडे बोट केलं. "बस."

बसलो. काय करणार? फिक्रेतनं साबण फासला, अख्खा बाजार गोळा झाला, कोथिंबीरवालीनं टोपली उलटी टाकून पुढची जागा धरली.

तेवढ्यात बाई हुरियेवहिनीला हाताला धरून घेऊन आल्या. वहिनीच्या तळव्यांना फडकी बांधलेली, रुमालाला वाळक्या काड्या चिकटलेल्या. गर्दी बघून ती बावरली, नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगंबाई! नुसरेतभावजी, तुमचीच कल्हई उडाली का?"

चौक हसून लोळला. वस्तरा उगारलेला फिक्रेत खिदळत होता, आणि मी ओठ घट्ट मिटून अल्लाला आठवत होतो.

उस्ताद हसला नाही. त्यानं रंधा घेऊन बर्फ इतका बारीक खरवडला की ताटलीत ढगच उतरला. काकवी हात न आखडता ओतली. मग गाडीमागचं आपलं एकुलतं स्टूल ओढून पुढे, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

"बस," म्हणाला. "खा."

"इथं? सगळ्यांपुढं?"

"सगळ्यांपुढं."

ती बसली. फडकी बांधलेल्या हातात चमचा नीट धरवेना, तरी पहिला घास तिनं तोंडात घातलाच. उस्ताद तिच्या शेजारी त्या दुखऱ्या गुडघ्यांवर ताठ उभा राहिला.

"हलू नकोस," फिक्रेत माझ्या कानाशी म्हणाला, आणि माझ्या मिशीची डावी बाजू गेली.