माइक नसलेली जागा

स्टेजवर माइक तीन होते. दोन बल्ल्यांना आडवा बांबू बांधून त्यावरून ते खाली सोडलेले होते, उंच माणसाच्या डोक्याच्या वीतभर वर. पडदे दोन, एक जंगलाचा आणि एक राजवाड्याचा. नाटक सामाजिक असल्यामुळे राजवाड्यालाच बंगला म्हणायचं ठरलं होतं. अमृतरावांच्या घरून आणलेला एक सोफा. एक टेलिफोन, त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. पात्रं नऊ. आठ जणांना गावानं उघड्या अंगानं नदीत पोहताना पाहिलेलं होतं. नववी राजनंदिनी, एका तालमीपुरती आणि एका प्रयोगापुरती नांदेडहून आलेली. आणि प्रत्येक माइकच्या बरोबर खाली चुन्यानं काढलेली एक फुली.

फुल्या तातेरावांच्या. शिरड शहापुरात लग्नाला, जागरणाला लाउडस्पीकर लावायचा धंदा त्यांचा, आणि गणपतीतलं नाटकही तेच बसवायचे. त्यांच्या दिग्दर्शनात नियम एकच होता. वाक्य सुरू करायचं ते फुलीवर आणि संपवायचं तेही फुलीवर. दोघांचं भांडण असेल तर दोघांना दोन फुल्या. तिसरा मध्ये पडला तर तिसरी फुली त्याची. चौथा आला की कुणीतरी रागावून निघून जायचं. मरायचं असेल तरी शेवटचं वाक्य फुलीवर उभं राहून म्हणायचं आणि मग बाजूला होऊन पडायचं.

"फुली सोडून बोललास की मासळीवानी दिसतो बघ," तातेराव मला म्हणायचे. "तोंड हालतं, आयकू काई येत न्हाई."

हे १९९९ साल. त्या मे महिन्यात हिंगोली जिल्हा झाला होता आणि मी हिंगोलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय भौतिकशास्त्र. अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते हे मी शिकलो होतो, त्यामुळे तातेरावांचा नियम मला शास्त्राला धरून वाटायचा. नाटकात मी मोठा भाऊ होतो. माझी आई सिंधूबाई नाटकाला आली नव्हती, शेळी व्यायला झाली होती म्हणून ती घरी थांबली. पण भोंग्यातून तिनं घरबसल्या सगळं नाटक ऐकलं, आणि सकाळी तिनं मला माझी वाक्यं म्हणून दाखवली. एक शब्दही सुटला नव्हता. नट व्हायचं हे मी तेव्हा ठरवलं.

पुढच्या वर्षी पदवी घेऊन मी औरंगाबादला गेलो. दिवसा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचो, संध्याकाळी नाटकवाल्यांच्या तालमीला जाऊन बसायचो. स्टुडिओत जाऊन तीन फोटो काढले: एक हसरा, एक गंभीर, एक बाजूनं. फोटो कुणी मागितले नाहीत. लॅबवाले सणाला सुट्टी द्यायचे आणि प्रयोग असायचे आडवारी, त्यामुळे मिळालेल्या दोन भूमिकांपैकी एक सोडावी लागली. दुसरीत मी प्रेत होतो. तालीम संपली की मंडळी कटिंग प्यायला जायची. कुणी मला येऊ नको म्हणत नव्हतं आणि ये असंही म्हणत नव्हतं. मी खोलीवर येऊन स्टोव्हवर भात टाकायचो आणि त्यांच्यासारखं बोलायचा सराव करायचो. 'करून राहिलो' नाही, 'करतोय'. भिंतीपलीकडच्या माणसानं एकदा विचारलं की तुमच्याकडे रोज कोण येतं.

फेब्रुवारी २००१ मध्ये एक काम निघालं. एका संस्थेचं नाटक वर्षभर मराठवाड्यातल्या शाळांतून फिरणार होतं. दरमहा पगार, राहण्या-जेवणाची सोय, आणि एक जागा शिल्लक. नाटक बसवणाऱ्या बाई कडक होत्या. त्यांनी मला एक उतारा दिला आणि त्या समोर बसल्या. मी सुरू केलं. तिसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"तू मध्येच कुठे जातोस?" त्यांनी विचारलं.

मी कुठे जातोय हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा करायला लावलं. या वेळी मी स्वतःकडे लक्ष ठेवलं. पहिलं वाक्य मी मधोमध म्हटलं, मग काही कारण नसताना सात-आठ फूट डावीकडे गेलो, मान थोडी वर केली आणि दुसरं म्हटलं. तिसऱ्यासाठी उजवीकडे. रिकाम्या स्टेजवर मी तीन जागा बरोबर गाठत होतो. भिंतीला टेकून बसलेली मंडळी हसली. त्यांना हे काय आहे ते कळलं नव्हतं, नुसतं विचित्र दिसत होतं म्हणून हसली.

कळलं ते एकाला. अमरसिंग, सेनगावकडच्या एका तांड्यावरचा पोरगा, त्याच जागेसाठी आलेला. बाहेर पाण्याच्या टाकीपाशी तो मला म्हणाला, "माइक शोधून राहिला का तू?"

मी नळाखाली ओंजळ धरली.

"तीन टांगत असतील तुमच्याकडं. मोठं गाव तुमचं." तो हसला. "आमच्या तांड्यावर एकच राहते. ज्यानं धरला त्यानं धरला. बाकीचे बोंबलतात."

बाईंनी आम्हा दोघांनाही जूनच्या पहिल्या आठवड्यात परत बोलावलं. मला त्यांनी स्पष्ट सांगितलं. शाळांच्या हॉलमध्ये माइक नसतो, असला तर चालत नाही. माझा आवाज पाचव्या रांगेत संपतो. शेवटची रांग साधारण सत्तर फुटांवर असते आणि तिथं बसलेल्या लेकराला माझा प्रत्येक शब्द कळला पाहिजे. पाय एका जागी ठेवायला शिक, आवाज तिथपर्यंत पोचव, दोघांपैकी ज्याचा पोचेल त्याची जागा.

त्याच जूनमध्ये सेनगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला माणूस हवा होता आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथं माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. नाटकात जागा मिळाली तर मी तिथं जाणार नव्हतो. न मिळाली तर जाणार होतो. आबांशी एवढंच ठरलं.

मार्चमध्ये लॅब सोडून मी घरी आलो. आबा मेंढरं राखतात. तूर निघून गेलेल्या रानात सकाळी कळप सोडायचा आणि ऊन चढलं की लिंबाखाली बसवायचा. मी त्यांच्यासोबत जाऊ लागलो. कळपाभोवती लावायच्या जाळीची एक जुनी दोरी घेतली, तिला दर पाच फुटांवर गाठ मारली. माझ्या पायाखाली एक चपटा दगड ठेवला. दगडावरून उतरायचं नाही. पहिले काही दिवस डावा पाय आपोआप खाली जायचा.

पद्धत साधी होती. आबा दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहायचे. मी एक वाक्य म्हणायचो. ते समजलं तर त्यांनी काठी वर करायची. मग दगड उचलून मी एक गाठ मागं.

लवकरच माझ्या लक्षात आलं की वाक्यं त्यांना पाठ झाली आहेत. मग मी रोज नवी वाक्यं घेऊ लागलो, कधी वर्तमानपत्रातली, कधी ऑप्टिक्सच्या पुस्तकातली. तरी काठी वर जात राहिली. पन्नास फूट. साठ. एप्रिलच्या मध्यावर पंच्याऐंशी.

रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. जळबा नावाच्या आमच्या भावकीतल्या माणसानं आबांना विचारलं की पोरगं मेंढरायला काय शिकवून राहिलं. आबा म्हणाले, परीक्षा हाय त्याची. आमच्या नाटकातल्या बाकी सातांपैकी कुणी आता नाटकाचं नाव काढत नव्हतं. दोघं पुण्याला कंपनीत लागले होते, एक जीप चालवत होता. गेल्या गणपतीत नाटकाऐवजी पडद्यावर सिनेमे दाखवले होते. मी एकदा आखाडा बाळापूरच्या बाजारातून राजनंदिनीला फोन केला. नटाचा धंदा करणारं माणूस माझ्या ओळखीत तेवढं एकच होतं. तिनं सांगितलं, पोटातून बोल, जेवून लगेच बोलू नको, आणि घरच्यांना परतायची तारीख कधी सांगू नको. मग तिनं विचारलं, शिरडला यंदा नाटक आहे का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, बरं, कुठं असलं तर कळव.

पंच्याऐंशी हा आकडा मला खटकत होता. वारा माझ्याकडून आबांकडे नव्हता, उलट होता. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. एवढ्या अंतरावरून मला त्यांचं बोलणं नीट कळत नव्हतं, मग त्यांना माझं कसं कळत होतं? प्रयोगात जिथं शंका येते तिथं एक कोरा नमुना ठेवायचा असतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. लॅबमध्येही एक नळी नुसत्या पाण्याची असायची.

एक दिवस दगडावर उभा राहून मी पूर्ण वाक्य म्हटलं, ओठ हलवले, छाती फुगवली, हातही केला. आवाज मात्र काढला नाही.

पंच्याऐंशी फुटांवर आबांची काठी वर गेली.

मी पुन्हा तसंच केलं. काठी पुन्हा वर गेली. तिसऱ्यांदा ती जरा उशिरा गेली, पण गेली.

मी दोरी गुंडाळत त्यांच्यापर्यंत चालत गेलो. ते एका कोकराच्या पायातला काटा बघत होते.

"आबा, मी बोललोच न्हवतो," मी म्हणालो.

त्यांनी कोकरू सोडलं नाही. "तोंड तर हालत व्हतं."

"तुमाला आयकू आलं का काई?"

"आयकू येऊन राहिलं म्हनलं की तू मागं सरकतो," ते म्हणाले. "न्हाई म्हनलं की तितंच उबा राहतो उनात. सांज हुईस्तोवर." काटा निघाला. त्यांनी तो बोटावर धरून पाहिला आणि फेकला. "तुजं तोंड कसं पडतं ते मला इथून दिसतं."

कधीपासून हे विचारायला मला धीर झाला नाही. म्हणजे सगळे आकडे गेले. पंच्याऐंशी गेला, साठ गेला, पन्नासही गेला. महिनाभर मी रानात उभा राहून नक्की काय म्हणालो ते मी एकट्यानंच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आबांना माझ्याकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं. ऐकू आलं तर जे आलं ते मोठ्यानं म्हणायचं, काठी नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पटका सारखा केला आणि ते वळले. त्यानंतर रोज सकाळी मला त्यांची पाठ दिसायची, घामानं चिकटलेला सदरा, पलीकडे मेंढरं. मी बोलायचो. त्यांची मान जरा तिरपी व्हायची. मग ते म्हणायचे, "न्हाई."

खरं अंतर पस्तीस फूट निघालं.

आबा हाक मारतात तेव्हा ती ओढ्यापलीकडे जाते, पण ती नुसता लांब स्वर असते, तिच्यात शब्द नसतात. माझे स्वर पोचत होते. क, ट, प वाटेत गळत होते. माइकखाली वाढलेल्या माणसानं ते कधी जोरात म्हटलेले नसतात, कारण माइक ते उचलून घेतो. मी फक्त त्यांच्यावर काम सुरू केलं. जीभ दुखायची. मे महिन्यात पंचेचाळीस झाले, मग पंचावन्न. कधी आबा माझं वाक्य त्यांच्या बोलीत करून परत म्हणायचे, आणि ते बरोबर धरायचं की नाही हा मला प्रश्न पडायचा. मी बरोबर धरलं नाही. औरंगाबादला जायच्या आदल्या सकाळी, वारा नसताना, सत्तर फुटांवरून त्यांनी तीन वाक्यांपैकी दोन जशीच्या तशी म्हणून दाखवली. तिसऱ्याला ते तशीच पाठ ठेवून म्हणाले, "न्हाई."

परीक्षा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. जून असल्यामुळे छताचे सगळे पंखे सुरू होते. बाई म्हणाल्या, ते बंद करायचे नाहीत, शाळांमध्ये ते असेच चालू असतात. त्यांनी शेवटच्या रांगेत एक मुलगी बसवली, तोंड मागच्या भिंतीकडे करून. तिनं ऐकू येईल तेवढंच लिहायचं होतं. दोघांना दोन वेगळे उतारे, प्रत्येकी चाळीस शब्दांचे, आधी न दाखवलेले.

अमरसिंग आधी गेला. तो एका जागी उभा राहिला आणि बोलला. खाली येताना त्यानं माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाला, पंख्याकडं ध्यान देऊ नको.

मी मधोमध उभा राहिलो. माझे पाय हलले नाहीत. मी उतारा संपवला.

बाईंनी दोन्ही कागद मूळ उताऱ्यांशेजारी ठेवले आणि पेन्सिलीनं एकेक शब्द तपासला. अमरसिंगचे चाळीसपैकी छत्तीस बरोबर निघाले. माझे एकतीस.