एका भाषणाची तीन दारं

निवृत्त फोरमनसाहेब सकाळपासून संगणकापुढे बसले होते आणि त्यांची पार भंबेरी उडाली होती. चार वाजता कारखान्यात लंबूचा निरोप समारंभ. त्यासाठी आठवडाभर खपून लिहिलेलं भाषण दर वेळी उघडलं की वेगळंच निघत होतं.

लंबू एके काळचा त्यांचा जोडीदार, शेजारच्या लेथवरचा. अकरा वर्षांपूर्वी एक शाफ्ट वाया गेला. माप चुकलं फोरमनसाहेबांचं, खापर फुटलं लंबूच्या डोक्यावर, आणि साहेब तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. तेव्हापासून लंबूनं बोलणं टाकलं होतं. आता तो मुलीच्या गावी कायमचा राहायला निघाला होता. चूक कबूल करायची तर आजच.

पण फाइल उघडायची कशी, यावर घरात एकमत नव्हतं. बायको म्हणाली होती, "अहो, समोर चित्र दिसतंय ना, त्यावर दोनदा टिचकी मारा." सून म्हणाली, "बाबा, आधी प्रोग्राम उघडा. यादीत सगळ्यात वर टाचून ठेवलीय." मुलाचं तिसरंच, मेलमधल्या लिंकवरून शिरा. साहेबांनी कोणालाच दुखवलं नाही. जो आसपास असेल त्याच्या पद्धतीनं उघडत गेले. एका खोलीला तीन दारं, त्यात काय एवढं!

चित्रातून शिरलं की लंबूच्या गमतीजमती. यादीतून गेलं की लेथवर कंटाळवाणं व्याख्यान. लिंकवरून गेलं की जुनी भांडणं.

"या डब्यात बसून कोणीतरी माझं लिखाण खातंय!" ते ओरडले.

सून हात पुसत आली. थोडी खुडबुड करून म्हणाली, "बाबा, या तीन वेगळ्या प्रती आहेत. आईंनी एक पडद्यावर ठेवली, मी एक फोल्डरमध्ये, यांनी एक मेलवर. तुम्ही ज्या दारानं गेलात, तिथल्या खोलीत लिहिलंत."

"पण भाषण तर एकच आहे ना?"

सुनेनं हात टेकले आणि तिन्ही भाषणं छापून त्यांच्यापुढे ठेवली. तोवर तीन वाजले होते.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. फक्त एक वाक्य तिन्हीकडे होतं, शब्दाला शब्द तेच: 'शाफ्ट मी बिघडवला, आणि मी गप्प बसलो.' दुसऱ्या दारानं गेल्यावर ते दिसेना, तेव्हा त्यांना आधी हायसं वाटलं होतं. मग लाज वाटली होती आणि त्यांनी ते पुन्हा लिहिलं होतं. तिसऱ्या दारापाशीही तेच झालं होतं.

"यातलं कुठलं नेताय?" बायकोनं विचारलं.

"एकही नाही."

समारंभात त्यांनी माइक हातात घेतला, ते एक वाक्य म्हटलं आणि थांबले. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. लंबू उठून जवळ आला.

"एवढ्याशा वाक्याला अकरा वर्षं लागली तुला?"

"तीनदा लिहिलं रे," फोरमनसाहेब म्हणाले. "सारखं हरवत होतं."

लंबूनं आपल्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली.