डोंगरावरल्या देवाचं नाव

मनुबाईच्या नवऱ्याचं नाव जोतिबा. हे आपण म्हणायचं. मनुबाईच्या तोंडून ते आजवर कुणीही ऐकलेलं नव्हतं.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही जुनी रीत. पण नवऱ्याचं आणि देवाचं नाव एकच निघालं तर बाईनं करावं काय? चैत्रात डोंगरावर गुलाल उधळत सगळं गाव ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणून गर्जायचं, तेव्हा मनुबाई पुढचं सगळं गिळायची आणि नुसतं ‘चांगभलं’ म्हणायची. फारच कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, “डोंगरावरला देव.” मतदारयादी करायला आलेल्या एका मास्तरांना ते खरंच वाटलं. सहा वर्षं यादीत तिच्या नवऱ्याचं नाव ‘डोंगरदेव’ असं छापून येत होतं. गाव हसून बेजार झालं. मनुबाईही हसली, पण दुरुस्ती सांगायला काही तोंड उघडलं नाही.

रीत हे झालं निम्मं कारण. निम्मं राहिलं होतं रहिमतपूरच्या टेसनावर. बासष्टच्या वैशाखात लग्न झालं, मनुबाई तेव्हा सोळाची. मांडवात ती अशी लाजली की नाव तिच्याऐवजी नणंदेनंच घेऊन टाकलं. भादव्यात पलटणीचं बोलावणं आलं. सासरे तिकिटाला गेले एवढा वेळ दोघं एकटी होती, तेव्हा जोतिबा हळूच म्हणाला, “एकदा नाव घे की माझं. आपल्या दोघांतच.”

“परत या. मग घीन,” ती पदरात तोंड घालून म्हणाली.

“बघ हं. शबूद दिलास,” असं म्हणून तो हसला आणि गाडीत चढला. कार्तिकात वरच्या बर्फात चीनशी लढाई झाली, आणि पुढं तार आली. तो गेल्याची तार आली, तो काही आला नाही, ना जिवंत ना मेलेला.

जिंकलेल्या लढाईला तारीख असते, हरलेल्या लढाईला नुसतं साल. एकाहत्तरच्या विजयाचा दिवस गावात दरवर्षी साजरा व्हायचा; झेंडे, लाडू, पोरांची कवायत, सगळं व्यवस्थित. मनुबाईला तिथं मागच्या रांगेत खुर्ची मिळायची. बासष्टचं नाव निघालं की मात्र भली भली माणसं चहाला उठायची. मेलेल्या पोरांनी काय हरायचं ठरवलं होतं का? पण हे विचारायचं कुणाला! आणि खरं सांगायचं तर मनुबाईला ते बरंच होतं. कुणी आठवण काढत नव्हतं म्हणजे कुणी शेवटही करत नव्हतं. नाव घेतलं की वाट बघणं संपलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. ते तिनं त्रेसष्ट वर्षं धरून ठेवलं.

आणि यंदा, इतक्या वर्षांनी, साताऱ्याहून पत्र आलं. बासष्टच्या जवानांचं स्मरण; घरच्या माणसानं मंचावर येऊन नाव घ्यायचं, मग बिगुल वाजणार.

“नाव तू घे,” ती पुतण्याला म्हणाली. पुतण्या शंभूराज, स्वतः रिटायर्ड हवालदार.

“आवं काकी, मी घेतो की. तुमी नुसतं हुबं ऱ्हावा.”

साताऱ्याचं मैदान माणसांनी भरलं होतं. एकेक घर वर जात होतं. कुणाचा नातू, कुणाचा पणतू. मोबाइलमध्ये बघून नाव वाचायचे, वाचताना अडखळायचे. एका नावाला कुणीच आलं नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीनं ते वाचलं, क्षणभर थांबली आणि पुढं गेली.

तिची पाळी आली. शंभूराजनं माइक हातात घेतला, घसा साफ केला.

“थांब,” मनुबाई म्हणाली. “तू बघितलंस का रं त्येस्नी?”

“मी कुठनं बघणार? माझा जलमच सदुसष्टचा.”

मनुबाईनं मैदानावर नजर फिरवली. एवढ्या माणसांत ते तोंड बघितलेला एकही माणूस नव्हता. गालावरची खळी, पुढच्या दाताचा उडालेला टवका, सगळं तिच्या एकटीपाशी होतं. ती एक दिवस जाईल, आणि मग वरच्या बर्फासारखंच सगळं कोरं. तिनं माइक ओढून घेतला.

पोरगी गोड आवाजात म्हणाली, “हं आजी, नाव घ्या.”

नाव घ्या! पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून खुदकन हसल्या. लग्नाच्या मांडवात म्हणावं तसंच ते झालं होतं. मनुबाईसुद्धा लाजली. एकोणऐंशीव्या वर्षी, चारचौघांत, खरोखर लाजली.

“परत आल्यावर नाव घीन, आसा शबूद दिलावता मी,” ती म्हणाली. “त्ये काय आलं न्हाईत. त्रेसष्ट वर्सांनी सरकार आलं.”

तिनं तोंड उघडलं. ‘जो’ म्हणाली आणि अडकली. जीभ वळेना. सबंध आयुष्य गिळलेला शब्द, तो सुखासुखी वर येतो होय? मग तिनं डोळे मिटले, डोंगराच्या पायऱ्यांवर उभी असल्यासारखा उजवा हात वर केला आणि असेल नसेल तेवढा दम लावून ओरडली,

“जोतिबाच्या नावानंऽऽ”

“चांगभलंऽऽ!” अख्खं मैदान उठलं. कुणाला सांगावं लागलं नाही. मंचावरचे साहेब उठले, म्हाताऱ्या उठल्या, बिगुलवाला बिगुल वाजवायचा विसरून तसाच ओरडला.

आवाज विरला. मनुबाई मैदानाच्या फाटकाकडं बघत उभी होती, जागची हलेना.

“काकी, झालं. चला खाली,” शंभूराजनं तिचा दंड धरला.

“थांब रं जरा,” मनुबाई म्हणाली. “हाक आत्ता तर मारलीया.”