विठूची आक्का

"विठू झोपलाय," आत्मारामकाका ओटीवरूनच म्हणाले. "आता उठवला तर दिवसभर किरकिर करील."

दमयंती अंगणात उभी होती. रत्नागिरीहून संगमेश्वरपर्यंत मोटारीने आणि पुढे नदीकाठाने चालत ती आली होती. तेवढ्यात घरामागून म्हशींना हाकारणारा आवाज आला. तो विठूचाच होता. काकांनीही तो ऐकला, पण ते मान खाली घालून पान लावत राहिले.

विठू तिचा धाकटा भाऊ. अंगाने चांगला बाप्या झालेला, पण समज लहान पोराचीच राहिलेली. आईवडील गेले त्याच सुमारास दमयंतीही विधवा होऊन माहेरी आली. तिला रत्नागिरीच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायचं होतं. "तू खुशाल जा," काका म्हणाले होते. "विठूला मी बघतो. वाटेल तवा ये, घर तुझंच हाय." विठूचा पालक कोण, असं कोर्टात साहेबांनी विचारलं, तेव्हा काकाच पालक होऊ देत, असं तिनेच सांगितलं. सुरुवातीला भेट व्हायची. मग कधी विठूला ताप असे, कधी तो काकूंच्या माहेरी गेलेला असे. पुढे पुढे तर तिला कुणी बस म्हणेनासं झालं.

आज ती परत फिरली नाही. वळसा घालून वहाळावर गेली. म्हशी पाण्यात डुंबत होत्या आणि विठू काठावर बसून खडे मारत होता.

"विठू!"

त्याने वळून पाहिलं आणि किंचाळून तो एका म्हशीआड दडला.

"अरे, घाबरतोस काय? मी आक्का."

"आक्का मेली!" तो तिथूनच ओरडला. "काकांनी मला विहिरीवर आंघोळ घातली. म्हनले, आक्का मेली, आता इचारायचं न्हाय."

दमयंती मटकन एका कातळावर बसली. मग म्हशीच्या पाठीवरून विठूचं डोकं वर आलं.

"पाय दाखव."

तिने लुगडं घोट्यापर्यंत उचललं. तो हळूहळू जवळ आला, वाकला आणि त्याने तिच्या अंगठ्याला बोट लावून पाहिलं. त्याचा चेहरा खुलला.

"सरळ हायत! तू भूत न्हाय. म्हंजे तू आक्का न्हाय."

ओरडा ऐकून काका धावत आले होते. दमयंती उठून उभी राहिली.

"मी जिवंत असताना माझ्या नावाची आंघोळ घातलीत त्याला?"

"तू गेलीस की तो जेवायचा न्हाय. दारात बसून राहायचा," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "मेलेल्याची वाट कोन बघत न्हाय. आता दोन घास खातो. आनि माझ्या पोरींची लग्नं व्हायचीत गो. तू कुनाकुनाची बाळंतपनं करतेस, लोक आमाला इचारतात."

"हे तेव्हाच बोलायचं होतंत. मी त्याला घेऊन गेले असते."

"पालक मी हाय. कोर्टात तूच हो म्हनालीस."

"मग सांगा त्याला! माझ्यादेखत सांगा, मी जिवंत आहे म्हणून!"

चढलेले आवाज ऐकून विठूने दोन्ही कानांवर हात दाबले आणि तो गदागदा हलू लागला.

"आक्का मेली ना काका? मेली ना?"

दमयंतीने काकांकडे पाहिलं. मग विठूकडे.

"हो रे," ती म्हणाली. "मी दुसरीच. वाटेनं चालले होते, तहान लागली म्हणून थांबले."

विठूचं हलणं थांबलं. पाहुणीला पाणी द्यायचं असतं, एवढं त्याला ठाऊक होतं. झऱ्यावर जाऊन त्याने पानाच्या द्रोणात पाणी आणलं, दोन्ही हातांनी जपून धरून.

"कुठलं गाव तुझं?"

"रत्नागिरी."

"तिथं आमची आक्का होती," विठू म्हणाला. "बरी होती."

दमयंतीने द्रोण तोंडाला लावला. विठू रिकामा द्रोण परत घ्यायला हात पुढे करून उभा होता.