‘क्लिक’च्या कार्डाची कैफियत

मी एक कागद बोलतोय. वहीतला नव्हे, पत्राचा तर नव्हेच. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणाऱ्या कोशाच्या कचेरीतला, तळहाताएवढा, जाड, पिवळट कागद. तिथं मला कार्ड म्हणत. एका शब्दाला एक कार्ड. माझ्या वाट्याला आला ‘क्लिक’. आधीच सांगतो, मी गोड बोलणार नाही. ते काम कोशाच्या प्रस्तावनेनं केलेलं आहे.

खणातल्या माझ्या शेजाऱ्यांची घराणी मोठी. कुणाचं मूळ लॅटिनमध्ये, कुणाचं ग्रीकमध्ये. माझा शब्द बिचारा नुसत्या आवाजातून जन्मलेला. कुठंतरी काहीतरी खटकन बसलं आणि ऐकणाऱ्यानं तोंडानं तशी नक्कल केली. अशा शब्दांसाठी कचेरीत एक रबरी शिक्का होता, ‘ध्वनीवरून’. तो मारला की चौकशी संपली. मुख्य संपादकांचा तो फार लाडका, कारण तो मारून घरी वेळेवर जाता यायचं.

ताईंना तो शिक्का आवडायचा नाही. ताई म्हणजे खिडकीजवळच्या टेबलावरच्या नव्या सहायक. मी त्यांचं पहिलंच कार्ड. चार महिने त्यांनी मला टेबलावरून हलवलं नाही. पुस्तकांचं लोखंडी कपाट दिवसातून वीसदा उघडायच्या, लावायच्या आणि कान देऊन उभ्या राहायच्या.

“ताई, कपाटाला घाम फुटला की हो,” शिपाईमामा म्हणायचे.

“फुटू दे. ‘खट्’ म्हणतंय की ‘कट्’, तेवढं सांगा.”

“मला तर ‘चहा आणा’ असं ऐकू येतं.”

जेवणाच्या सुट्टीत ताई आपल्या वडिलांच्या गोष्टी सांगायच्या. आबा जन्मभर छापखान्यात जुळारी होते. अक्षराचा एकेक खिळा उचलून त्यांनी हजारो लोकांची नावं जुळवली, स्वतःचं एकदाही नाही. “तुझं तरी नाव छापलेलं बघू दे, मग मी मोकळा,” असं ते रोज म्हणत. ताई हे हसत सांगायच्या, पण डबा तसाच राहायचा.

काम मात्र त्यांनी जीव ओतून केलं. माझ्या शब्दाचे भाऊबंद त्यांनी डचमध्ये शोधले, जुन्या फ्रेंचमध्ये शोधले. मग अर्थांचा प्रवास लावला. आधी नुसता आवाज. मग आवाज करणाऱ्या वस्तूलाच, म्हणजे दाराच्या खटक्याला, तेच नाव मिळालं. पुढं कॅमेऱ्याचं बटण आलं, संगणकाच्या माउसवरचं बोट आलं. शेवटी तर दोन अनोळखी माणसांचं सूत जुळलं, किंवा अडलेली गोष्ट एकदम डोक्यात शिरली, तरी तोच शब्द. तिथं आवाज होतोच कुठं? ताईंनी त्या अर्थापुढं लिहिलं, ‘आवाज गेला, खटका नीट बसल्याचं समाधान राहिलं.’ त्या ओळीचा मला फार अभिमान वाटला होता.

आता कचेरीचा नियम ऐका. सहायकानं पेन्सिलीनं लिहायचं आणि कोपऱ्यात आपली आद्याक्षरं टाकायची. संपादकांना पटलं तर त्यांनी त्यावरून शाई फिरवून ते पक्कं करायचं. कार्ड छापखान्यात जाण्याआधी उरलेली पेन्सिल खोडून टाकायची. कोशात छापायची सहायकांची यादीही शाईतल्या आद्याक्षरांवरूनच बनायची.

संपादकांनी ‘क्लिक’ला प्रतिशब्द सुचवला, ‘कटध्वनी’.

“सर,” ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “दार लावून कुणी ‘कटध्वनी झाला’ म्हणतं का हो?”

सगळी कचेरी हसली. सर हसले नाहीत. त्यांनी मला शांतपणे वाचलं, “छान काम केलंत, ताई,” म्हणाले आणि खिशात घातलं. पुढच्या आठवड्यात एका सभेत त्यांनी ताईंचं सगळं म्हणणं तासभर आपलं म्हणून ऐकवलं. टाळ्या मी खिशातून ऐकल्या. परत आल्यावर माझ्यावर ‘कटध्वनी’ लिहिलं, शिक्का मारला, सही ठोकली. पेन्सिलीवर शाई फिरवायची तेवढी राहिली. माझ्यामागून ताईंनी दोनशेच्या वर कार्डं केली. एकावरही फिरली नाही.

खोडायचं काम शिपाईमामांकडं होतं. त्यांना वाटलं, शाई नाही म्हणजे सरांनी नापसंत केलेलं. कागद फाटू नये म्हणून ते अगदी हलक्या हातानं खोडत होते. मी ओरडलो असतो, पण कागदाचं कोण ऐकतं? आधी अर्थ गेले, मग ती ओळ, शेवटी कोपऱ्यातली दोन अक्षरं. मामांनी फुंकर मारून माझ्या अंगावरचा चुरा उडवला आणि पुढचं कार्ड घेतलं.

कोश थाटात बाहेर पडला. त्यानंतर चार दिवसांनी ताई तो घेऊन सरांच्या टेबलाशी आल्या.

“यादीत माझं नाव नाही, सर.”

“कार्डावर नाही तर यादीत कसं येईल?” सरांनी मला खणातून काढून त्यांच्यापुढं टाकलं. “बघा. कोरं आहे.”

“शाई तुम्ही फिरवायची होती.”

“राहिलं असेल. पुढच्या आवृत्तीत बघू.”

“पुढची आवृत्ती कधी?”

“वीसेक वर्षं तरी लागतील.”

“आबा एक्याऐंशीचे आहेत, सर.”

ताईंनी मला हातात घेतलं.

“भिंग घेऊन त्यांनी यादी तीनदा वाचली,” त्या हळू म्हणाल्या. “मग मलाच समजावलं. म्हणाले, ओळ गळली असेल. होतं जुळाऱ्याच्या हातून. त्याच्यावर रागावू नकोस.”

“मग तसंच समजू दे त्यांना,” सर म्हणाले.

मला वाटलं, आता ताई कोश आपटतील, भांडतील. त्यांनी मला जागच्या जागी, क्रम बघून, खणात सरकवलं आणि खण लावला. ताई, तुमचा मला तेव्हा फार राग आला. अजून येतो.

आता सगळा कोश संगणकात गेलाय. आम्हा कार्डांची पोती बांधून रद्दीवाल्याची वाट बघत ठेवलीत. मी रद्दीत जाण्याआधी, ऐकणाऱ्यांनो, माझं एक काम करा. कोश हातात घेऊन कुठं आबा बसलेले दिसले, तर त्यांना सांगा, जुळाऱ्याचा काही दोष नव्हता. ती ओळ त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.