चकतीची शेवटची लेक

माझी पणजी भट्टीत तडकली, आजीच्या रेषा वाकड्या उमटल्या आणि आईच्या अंगावर धुळीचा कण बसल्यामुळे तिला पहिल्याच दिवशी बाद करण्यात आले. त्या तिघींच्या पश्चात घराण्याचे नाव मी राखले. मी एक जुनी सिलिकॉनची चकती आहे. तळहाताएवढी, आरशासारखी गुळगुळीत. मित्रांनो, सरळ बसून ऐका. एकच गोष्ट दोनदा सांगण्याची मला सवय नाही.

पिवळ्या उजेडाच्या बंद खोलीत बाईंनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, माझ्या अंगावर केसाहून बारीक उंचवटे घडवले. माझ्यावर पातळ रबर ओतायचे, भट्टीत घट्ट करायचे, निवू द्यायचे आणि मग हलक्या हाताने सोलायचे. उंचवट्यांच्या जागी रबरात रक्त वाहण्याच्या वाटा तयार होत. काचेवर चिकटवलेल्या त्या तुकड्याला सारे चिप म्हणत. मी लेक म्हणत असे. नवजात बाळाच्या रक्ताच्या एका थेंबावरून जंतुसंसर्ग ओळखणे हे माझ्या लेकींचे काम. प्रत्येकीचा उपयोग एकदाच. पाहुणे मला भिंगाखाली पाहून वाहवा करत आणि ती मला आवडे, हे मी लपवत नाही.

बाईंची थोरली बहीण, ताई, इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची परिचारिका होती. धाकटीच्या शिक्षणासाठी तिने स्वतःचे शिक्षण सोडले होते. पुढे तिचे तान्हे मूल संसर्गाने गेले. तपासणीपुरते रक्तही त्या एवढ्याशा देहातून मिळाले नाही. तेव्हापासून बाईंनी हेच काम धरले.

आमच्या सहायकाला सगळे घाईबुवा म्हणत. निधी देणारी समिती दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून त्याने रबर निवण्याआधीच ओढले. माझा मधला उंचवटा मुळासकट उखडला. त्यानंतरच्या प्रत्येक लेकीची वाट अर्ध्यावर बंद! बाईंनी त्याला एवढेच विचारले, की हात भाजला का. समितीला दाखवण्याजोगी, आधी घडवलेली लेक आता एकच उरली होती.

संध्याकाळी ताई दारात उभी. वॉर्डातले एक बाळ निपचित पडले होते, डॉक्टरांना संसर्गाची शंका होती आणि शीर सापडत नव्हती. चिप वापरून पाहण्याची परवानगी इस्पितळाने आधीच दिलेली होती.

"एक दे," ताई म्हणाली.

"एकच आहे गं. उद्या ही दाखवली नाही, तर इथे कुलूप लागेल."

"लागू दे म्हणणारी मी कोण? तू ठरव."

बाईंनी चिपची डबी उचलली, चपला पायात सरकवल्या आणि त्या ताईच्या पुढे चालू लागल्या.

सकाळी निरोप आला. संसर्ग निघाला होता. औषध वेळेत सुरू झाले, बाळ तगले. समितीने रिकामे टेबल पाहिले आणि निधी थांबवला. मित्रांनो, नाजूक वस्तूला निवायला वेळ द्या. ती ओरडत नाही, मुकाट्याने मोडते आणि तिचे मोडणे तिच्या लेकींना भोगावे लागते.

प्रयोगशाळा बंद झाली त्या दिवशी ताई मदतीला आली. बाईंनी मला कपाटात ठेवले.

"तुझं लेकरू काही मला परत आणता आलं नाही, ताई."

"ते कुणालाच आलं नसतं. मी तुझ्यासाठी जे सोडलं, ते तू त्या बाळासाठी सोडलंस. आता तुझ्याकडे माझं काही येणं राहिलं नाही."

बाईंनी किल्ली पुढे केली. कुलूप ताईने लावले.