मोहाचा पांढरा गाभा

बोटाच्या पेरानं खोडावर दोनदा टक्‌टक्‌ करायचं, मान किंचित कलती करायची, आणि डोळे मिटून तो नाद लाकडाच्या अंतरंगात कुठवर जाऊन परततो ते ऐकत राहायचं. श्रावण मिस्त्री मला पहिल्यांदा दिसले ते असे, माघातल्या कोवळ्या उन्हात एका येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाला कान लावून उभे. नांगर, बैलबंड्या, दारांच्या चौकटी घडवणारा हा सुतार झाडाला कुऱ्हाड लावण्याआधीच त्याच्या पोटातलं सांगतो, असा गावाचा विश्वास होता. आणि तो विश्वास त्यांच्या ताठ चालण्यात दिसायचा.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. भंडाऱ्याहून बदली होऊन मी दिघोरीजवळच्या त्या खेड्यात शिक्षिका म्हणून आले होते. शाळेला खोली एकच, म्हणून माझा वर्ग तलावाच्या काठावरच्या जुन्या मोहाखाली भरायचा. एके दिवशी मुलांना पाढे सांगताना माझी नजर वर गेली. दोन पुरुष उंचीवर, खोड जिथं दुभंगून दोन फांद्या झाल्या होत्या, तिथं सालीतून काहीतरी बाहेर आलं होतं. अर्ध्या भाकरीसारखं, वरून तपकिरी, कडेला फिकट, लाकडासारखं कठीण. मी मिस्त्रींना बोलावलं.

"टेकोडा हाय थो, बाई," ते म्हणाले. पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंबीला तिकडे टेकोडा म्हणतात. "भाजीचा नाई, लाकडाचा. सालीले लागते कवाकवा."

"झाडाला काही धोका?"

त्यांनी बुंध्यावर टक्‌टक्‌ केलं, डोळे मिटले. "टणक हाय. बसवा पोरायले खुशाल."

मी बसवलं.

त्या झाडाची फुलं वेचायचा मान मिस्त्रींच्या घराचा होता. चैत्रात त्यांची बायको सगुणाबाई पहाटेच टोपली घेऊन यायची. ठेंगणी, सावळी, सतत हसरी. ओणवून फुलं वेचताना तिच्या बांगड्यांची किणकिण इतकी मंद, इतकी एकसुरी असायची, की तलावावरचं धुकं त्या आवाजानंच विरत जातंय असं वाटावं. शाळा भरायच्या आत ती निघून जायची. जाताना माझ्या टेबलावर भाजलेल्या मोहाची मूठभर पुडी ठेवून.

तो रविवार होता. वारा नव्हता. तलावाच्या पाण्यावर तरंग नव्हता. मी अंगणात दात घासत होते, आणि एखादी भरलेली बंडी दगडावर उलटावी तसा आवाज आला. मग पक्ष्यांचा कल्लोळ, आणि मग काहीच नाही. मी धावले. मोहाचं अर्धं झाड आडवं पडलं होतं, फुलांनी लगडलेलं, अजून ताजं. फांदीखालून सगुणाबाईचा एक हात दिसत होता. बोटं हलत नव्हती.

माणसांनी फांदी उचलली. मिस्त्री आले, तिच्याजवळ बसले, तिच्या कपाळावर चिकटलेली फुलं एकेक करून काढली. मग उठले आणि त्या तुटलेल्या जागेत त्यांनी हात घातला. कोपरापर्यंत हात आत गेला. बाहेर आला तो मूठभर पांढरा, ओलसर, स्पंजासारखा भुगा घेऊन. बोटांनी दाबला तर त्यातून पाणी गळलं. बाहेर दोन बोटं जाडीचं जिवंत लाकूड, आणि आत हे. किती वर्षं तो टेकोडा आतून गाभा खात होता, आणि दर चैत्रात झाड फुलत होतं!

"आवाज तं बरोबर होता," मिस्त्री पुटपुटले. "आवाज तं बरोबर होता ना."

उरलेलं झाड त्यांनी तेराव्यानंतर स्वतःच पाडलं. बुंधा कापला तेव्हा आम्ही सगळे जवळ उभे होतो. बुंधा खरंच टणक होता. लाल, घट्ट, निरोगी. कुज वरच्या भागात होती, जिथं त्यांचं बोट पोचलंच नव्हतं. तो बुंधा पाहून मिस्त्री जमिनीवर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

पुढं कित्येक महिने त्यांनी माझी नजर टाळली. मीही टाळली. सोमवारी तिथं तीस मुलं बसली असती, हा विचार मला वर्गात मध्येच थांबवायचा. एका दुपारी ते शाळेच्या दाराशी आले.

"बाई, तुमी मले इचारलं होतं."

"मिस्त्री, वर्ग तिथं भरवणारी मीच होते."

"तुमाले लाकडातलं काय समजते? मले समजत होतं. मी वर चढून पाह्यलं नाई."

त्यानंतर ते शिडी घेऊन फिरू लागले. विहिरीवरची, देवळाजवळची, बौद्धविहारापुढची, रस्त्यावरची झाडं. टेकोडा दिसला की चढायचे, लोखंडी सळई आत घालून पाहायचे, आणि लोकांना तिथून हटवायचे. कुणी कुरकुर केली तर वाद घालत नसत. नुसते झाडाखाली उभे राहायचे, लोक हटेपर्यंत. साठी उलटल्यावरही चढत राहिले.

ऐंशीच्या दशकात माझी बदली झाली. निघायच्या सकाळी मी तलावाच्या काठावर गेले. ज्या जमिनीनं कित्येक पिढ्या फक्त सावली पाहिली होती, तिथं आता दिवसभर ऊन पडत होतं आणि गुडघाभर गवत माजलं होतं. गुरं तिथं चरत होती. पण गावातली माणसं अजूनही जुनीच पायवाट धरून, नसलेल्या खोडाला वळसा घालून जात होती.